मुलांची शाळा : आमची निवड आणि आमचे कर्तव्य

पौष सरून माघ लागला, की धार आणि देवास ह्या दोन्ही गावांतील आमच्या पेढ्यांवर एक विषय हटकून निघतो. मंडीतील आवक, सोयाबीनचे व गव्हाचे भाव, उधारीची वसुली ह्यांची बोलणी आटोपतात, मुनीमजी रोकड जुळवून वही मिटतात, आणि मग कोणीतरी हलक्या आवाजात विचारतो, "काय शेठजी, नातवाचे नाव कोठे घालावयाचे ठरले?" ह्यावर जी चर्चा सुरू होते ती दुकानाच्या फळ्या लागेपर्यंत संपत नाही. एक म्हणतो, मिशनच्या शाळेवाचून आता गत्यंतर नाही. दुसरा म्हणतो, तेथे घातलेले मूल आपले राहत नाही. तिसरा म्हणतो, आपण सारे सरकारी शाळेतच शिकलो, आपले काय वाईट झाले? आणि हा तिसरा गृहस्थ स्वतःच्या मुलाचा फॉर्म आदल्याच आठवड्यात मिशनच्या शाळेत भरून आलेला असतो!

आम्ही व्यापारी माणसे. गव्हाचे पोते घ्यावयाचे झाले तरी मूठभर नमुना हातावर घेतो, दाणा दाताखाली धरून ओल पाहतो, वजनाची खात्री करून घेतो आणि मगच भाव बोलतो. परंतु मुलाच्या आयुष्याची बारा-चौदा वर्षे जेथे जावयाची ती शाळा निवडताना मात्र आम्ही शेजाऱ्याने काय केले एवढेच पाहतो. ह्या व्यवहाराचा ताळेबंद एकदा सर्वांनी मिळून मांडावा, ह्या हेतूने स्मरणिकेच्या ह्या पानांवर आम्ही चार शब्द लिहीत आहोत. आमचे मत सर्वांस पटेल असे नाही. परंतु विचार करण्यास ते उपयोगी पडले तरी आम्हांस समाधान आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेस 'कॉन्व्हेंट' म्हणण्याची चाल पडली आहे. वास्तविक कॉन्व्हेंट म्हणजे कॅथॉलिक पंथाच्या व्रतस्थ भगिनींचा मठ; त्यांनी चालविलेली शाळा ती कॉन्व्हेंटची शाळा. आज पाटीवर 'सेंट' अमुक लिहिलेल्या कित्येक शाळांचा कोणत्याही चर्चशी सुतराम संबंध नसतो; ते नाव केवळ गिऱ्हाइकास भुलविण्यासाठी असते. उलट 'पब्लिक स्कूल' अशी पाटी असली तर ती शाळा पब्लिकची असेल असे समजावे, तर ती हटकून खासगी निघते! ज्या शाळा खरोखरीच लोकांच्या पैशाने, आपण भरलेल्या करांतून चालतात, त्यांस आपण 'सरकारी' म्हणून नाक मुरडतो. सबब ह्या लेखात आम्ही दोनच गोष्टींचा विचार करणार आहोत : खऱ्याखुऱ्या कॅथॉलिक मिशनच्या शाळा आणि खऱ्याखुऱ्या सरकारी शाळा.

माळव्यात मिशनचे काम नवे नाही. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली इंदुरास आले आणि १८८७ साली त्यांनी तेथे ख्रिश्चन कॉलेज काढले. पण ते लोक प्रोटेस्टंट होत, कॅथॉलिक नव्हेत. कॅथॉलिक पंथाच्या 'डिव्हाइन वर्ड' संघाचे पाद्री १९३२ साली इंदूरच्या बाजूस आले. हा संघ १८७५ साली हॉलंडमधील स्टेल गावी स्थापन झालेला. १९३५ साली इंदूरचा स्वतंत्र मिशन-प्रांत झाला आणि १९५२ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणजे धारचे व देवासचे पवार ज्या वेळी गादीवर होते, देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती, त्या काळापासून हे लोक आपल्या शेजारी आहेत. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झाले, राज्यकर्ते बदलले. परंतु फादर आणि सिस्टर आपल्या शाळांचे व दवाखान्यांचे काम करीतच राहिले. त्यांच्या वक्तशीरपणाची, शाळेच्या स्वच्छतेची आणि इंग्रजीच्या पायाची कीर्ती आपल्या घराघरांत आहे, आणि ती फुकटची नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

मग भीती कशाची? भीती धर्माची. मूल सकाळी प्रार्थनेस हात जोडते ते कोणापुढे, ही आजीची शंका. आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुन्या मध्य प्रदेशात ह्याच प्रश्नावर नियोगी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९५६ साली बाहेर आला. पुढे १९६८ साली राज्याने जबरदस्तीने, फसवणुकीने वा आमिषाने होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारा कायदा केला, आणि २०२१ साली त्याच्या जागी नवा अधिक कडक कायदा आला. ह्या सर्व इतिहासामुळे आपल्या मनात एक धाक बसून राहिला आहे. तथापि धाकाने निर्णय करू नये. आधी हक्क समजून घ्यावा.

आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आणि सरकारने मान्यता दिलेल्या वा अनुदान दिलेल्या इतर शाळेत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येणार नाही. म्हणजे मिशनच्या शाळेतील प्रार्थनेस आपल्या मुलाने उभे राहावे की नाही, ही गोष्ट कायद्याने आपल्या हाती आहे. इतकेच नव्हे, तर भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांस सूचना केली, की आपल्या धर्माचे आचार अन्य धर्मीय मुलांवर लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी राज्यघटनेची उद्देशिका म्हणावी. ही सूचना आपल्या मुलाच्या शाळेत पाळली जाते की नाही हे विचारण्यास कोणी मना केलेले नाही. आपण विचारीत नाही, हा दोष आपला.

ह्यासंबंधी आमच्या घरचाच एक अनुभव सांगतो. आमची नात ज्या शाळेत जाते तेथे संवत्सरीच्या दिवशी चाचणी परीक्षा येई. तीन वर्षे आम्ही मुलीस घरी ठेवले, तिचे गुण बुडू दिले आणि पेढीवर बसून शाळेस नावे ठेवली. चौथ्या वर्षी सूनबाईंनी स्वतः पुढाकार घेऊन सहा जैन घरांच्या सह्यांचा अर्ज केला, पर्युषण म्हणजे काय, संवत्सरीचा उपवास कसा असतो, हे त्यात सरळ शब्दांत लिहिले आणि मुख्याध्यापिका सिस्टरच्या हाती नेऊन दिला. सिस्टरनी तो वाचून एवढेच विचारले, "हे आपण इतकी वर्षे सांगितले का नाही?" परीक्षेची तारीख बदलली. आम्हांस त्या दिवशी आनंदापेक्षा लाजच अधिक वाटली.

आणि धर्माचा प्रश्न जर खोलात जाऊन पाहावयाचा, तर तो शाळेच्या फाटकाशी सुटणारा नाही. आपल्या मुलास नवकार मंत्र कोण शिकवितो? उपाश्रयातील वा स्थानकातील पाठशाळेत आठवड्यातून किती मुले बसतात? सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम घरातील किती वडील मंडळी पाळतात, की दुकानाच्या निमित्ताने तो मुलांच्या आईवर सोपवून मोकळी होतात? ज्या घरात हे आहे त्या घरातील मूल पाद्र्याच्या शाळेत गेले तरी जैनच राहील. ज्या घरात हे नाही त्या घरातील मूल सरकारी शाळेत गेले तरी काय राहील? सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद हे आपल्या समाजाचे भूषण. जहाज, विमान आणि मोटार ह्या तिन्ही उद्योगांत त्यांनी स्वदेशीचा पाया घातला. ते मुंबईस जेझुइट पाद्र्यांच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले होते. त्यांचे जैनत्व त्या इमारतीत हरवले असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्या धारचाच जुना दाखला घ्या. तेराव्या शतकाच्या सुमारास पंडित आशाधर हे जैन विद्वान परचक्राच्या भयाने राजस्थानातील मांडलगड सोडून धारेस आले आणि पुढे मांडवगडाच्या वाटेवरील नालछा येथे राहिले. त्यांच्यापाशी काव्य शिकलेल्या शिष्यांत मदन नावाचा गौड ब्राह्मण होता. तो पुढे परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू झाला. त्याच्या 'पारिजातमंजरी' नाटकाचे दोन अंक १९०३ साली धारेत शिलेवर कोरलेले सापडले. राजाचा गुरू स्वतः जैन पंडिताकडे शिकला, आणि त्याने ना मदनाचा धर्म बुडाला ना आशाधरांचा. परधर्मी गुरूकडून विद्या घेणे हा ह्या गावचा आठशे वर्षांचा शिरस्ता आहे. आज गुरू बदलला आणि शिष्य आपण झालो, एवढाच काय तो फरक.

मिशनविषयी आणखी एक गोष्ट आम्ही जड अंतःकरणाने लिहितो. आपल्याच देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या बाजूस सिस्टर राणी मारिया नावाची केरळातील भगिनी आदिवासींत काम करीत असे. सावकाराच्या कर्जातून आदिवासींस सोडवावे, त्यांनी बचत करावी, आपला हक्क मागावा, हे ती शिकवी. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जात असता तिचा खून झाला. पुढे तिच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्या खुन्यास राखी बांधली आणि त्यास क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरास तिला 'धन्य' म्हणून गौरविण्यात आले. आम्ही दर संवत्सरीस "मिच्छा मि दुक्कडं" म्हणतो, क्षमापनेची पत्रे छापून वाटतो. ज्यांच्या हातून आपले काही वाकडे झालेले नाही त्यांच्याशी ती देवघेव सोपी आहे. त्या बहिणीने जी क्षमा केली ती आपल्याच शास्त्रात सांगितलेली क्षमा नव्हे काय? आणि व्याजबट्टा हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांनी ह्या हकीकतीतून आपल्यापुरता काय बोध घ्यावा, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. ज्या लोकांकडून शिकण्यासारखे आहे त्यांच्या शाळेची भीती बाळगू नये, एवढेच आमचे म्हणणे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, लेखक महाशय मिशनच्या बाजूचे वकील दिसतात. तसे नाही. आता दुसरी बाजू ऐकावी.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम एका सरकारी प्राथमिक शाळेत जाऊन बसलो. आमच्या गोदामातील हमालांची मुले तेथे जातात. पाच वर्ग, दोन शिक्षक. त्यांतील एक गुरुजी मतदारयादीच्या कामावर गेलेले. शौचालयास कुलूप. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात प्राथमिक वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे; तेथे उरलेल्या एकट्या बाई पाच वर्गांवर फिरत होत्या. परंतु त्या बाई शिकवीत होत्या. आम्ही पाचवीच्या मुलांस विचारले : शेकडा दरमहा दीड रुपया दराने २,४०० रुपयांचे आठ महिन्यांचे व्याज किती? मागल्या रांगेतील एका हमालाच्या मुलीने बोटांची पेरे मोजून सांगितले, "दोनशे अठ्ठ्याऐंशी." रात्री घरी येऊन तोच हिशेब त्याच वयाच्या आमच्या नातवास घातला, तर त्याने मोबाइलसाठी हात पुढे केला. मात्र तोच नातू इंग्रजी वर्तमानपत्र घडघड वाचतो, आणि त्या मुलीस इंग्रजीची चार वाक्ये येत नाहीत. आम्ही त्या रात्री बराच वेळ विचार करीत राहिलो. दोघांनाही दोन्ही गोष्टी यावयास हव्यात. आणि एकाची उणीव भरून काढण्यास पैसा आहे, दुसरीची भरून काढण्यास कोणी नाही.

सरकारी शाळा वाईट झाल्या म्हणून आम्ही त्या सोडल्या, असे आपण म्हणतो. आम्हांस वाटते की उलटेही तितकेच खरे आहे : आम्ही त्या सोडल्या म्हणून त्या वाईट झाल्या. आपले वडील ज्या वेळी तेथे शिकत होते त्या वेळी वकिलाचा, डॉक्टराचा, शेठजीचा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर बसे. गुरुजी आठ दिवस आले नाहीत तर शेठजी जाऊन विचारीत, वकीलसाहेब अर्ज लिहीत. आज त्या शाळेत ज्यांची मुले आहेत त्यांना विचारण्याची छाती नाही, आणि ज्यांना छाती आहे त्यांची मुले तेथे नाहीत. व्यापारात ह्यालाच आपण म्हणतो, की मालकाने दुकानाकडे पाठ फिरविली.

तरीही सर्वच सरकारी शाळा एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. जिल्ह्याच्या ठिकाणची उत्कृष्ट विद्यालये परीक्षा घेऊन मुले निवडतात आणि त्यांचे निकाल कित्येक महागड्या शाळांस लाजवितात. राज्य सरकारने 'सीएम राइज' ह्या नावाने मोठ्या शाळांची योजना काढली. २०२५ साली तिचे नाव 'सांदीपनी विद्यालय' असे ठेवले. देवासला नोट छापखान्याच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. तेथे केंद्र सरकारच्या नोकरवर्गाच्या मुलांना आधी जागा मिळते हे खरे, परंतु उरलेल्या जागांसाठी आपल्यापैकी कितीजणांनी कधी चौकशी केली? न पाहताच माल नापसंत करणे हे आपल्या धंद्यास शोभत नाही.

भाषेचा विचारही ह्याच ठिकाणी करावा. आपल्या घरांत कोठे माळवी, कोठे मारवाडी, कोठे गुजराती बोलली जाते. पवारांच्या दरबारामुळे मराठी येथे रुजली आणि आपल्यातील अनेक घरांची ती मायबोली झाली. राज्यघटनेत १९५६ साली घातलेल्या ३५०-क ह्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगितले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषा असावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात मिशनची शाळा इंग्रजी देते, सरकारी शाळा हिंदी देते, आणि मराठी दोन्हींकडून पाहुणीसारखी परत जाते. तिला घरात आसन देणे हे आजीआजोबांचे काम आहे. ते कोणत्याही शाळेवर ढकलून चालणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली ती सांगतो. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, आणि ती गरीब नाहीत, की जेथे मुलगा मिशनच्या शाळेत जातो आणि त्याचीच सख्खी बहीण सरकारी शाळेत. विचारले तर उत्तर मिळते, "तिला काय पेढी सांभाळावयाची आहे?" बंधूंनो, हेच गृहस्थ आम्हांस सरकारी शाळेचे गुण सांगतात : साधेपणा, देशी संस्कार, सर्व जातींत मिसळणे. ते गुण खरे असतील तर मुलास त्यांपासून वंचित का ठेवले? आणि मिशनच्या शाळेत धर्म बुडतो ही भीती खरी असेल, तर वंशाचा दिवा म्हणून ज्यास जपतो त्याचाच धर्म पणास का लावला? खरा हिशेब धर्माचा नसतो, फीचा असतो. तो मान्य करावा. त्यास धर्माचे वेष्टन घालू नये. एकाच घरातील दोन मुलांस दोन मापांनी मोजणारा व्यापारी बाजारात खोटे माप वापरणार नाही, ह्याची खात्री कोणी द्यावी?

ह्या धारानगरीतच इसवी सन ९७२ च्या सुमारास धनपाल नावाच्या कवीने 'पाइयलच्छी' नावाचा प्राकृत शब्दकोश रचला. प्राकृताचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना कोश मानतात. हा धनपाल जन्माने ब्राह्मण. धाकटा भाऊ शोभन ह्याच्या उपदेशाने तो पुढे जैन झाला असे परंपरा सांगते. त्याने तो कोश कोणासाठी लिहिला? राजासाठी नव्हे, पुत्रासाठी नव्हे. आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्या अभ्यासासाठी. एक हजार वर्षांपूर्वी ह्या गावात बहिणीच्या शिक्षणासाठी ग्रंथ लिहिणारा भाऊ होता. आज त्याच गावात बहिणीची फी वाचवून भावाची भरणारे बाप असावेत, ह्यापरते उणे ते कोणते? पुन्हा ह्याच धनपालाच्या कथेतून दुसराही बोध निघतो. पटले म्हणून त्याने धर्म बदलला, त्याचा आपण अभिमान बाळगतो. मग धर्मांतर ह्या शब्दानेच आपण इतके का दचकावे? पटवून घेणे आणि पटवून देणे ह्यांस आपल्या पूर्वजांनी कधी भ्यावयाचे कारण मानले नाही.

निवडीचा हक्क मात्र पालकांचाच, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने १९२२ साली कायदा केला, की सर्व मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. रोख कॅथॉलिक शाळांवर होता. तेथील भगिनींच्या एका संस्थेने दावा लावला, आणि १९२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मूल हे केवळ सरकारची मालमत्ता नव्हे, त्यास कोणत्या शाळेत वाढवावे हे ठरविण्याचा अधिकार आईबापांचा. हा न्याय आम्हांस मान्य आहे. परंतु हक्क म्हटला की त्यामागून जबाबदारी येते, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको.

कित्येक सभासद म्हणतील, ह्या दोन्ही वाटा सोडा. आपण आपलीच जैन शाळा काढू. मध्य प्रदेशात २००१ साली आणि साऱ्या देशात २७ जानेवारी २०१४ पासून जैन समाज अल्पसंख्याक म्हणून मान्य झाला आहे. तेव्हा ३० व्या अनुच्छेदाने कॅथॉलिकांस आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा जो हक्क आहे, तोच आपल्यालाही आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे खासगी शाळांनी पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांस द्यावयाच्या असतात. परंतु २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाही असे ठरविले. २०२५ साली दोन न्यायमूर्तींनी ह्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले आहे. मिशनच्या शाळा गरिबांस जागा देत नाहीत असा दोष आपण त्यांस देतो. आपण शाळा काढली तर तीच सवलत आपल्या पदरात पडेल. त्या वेळी आपण काय करणार? कायद्याने बांधलेले नसताही पंचवीस टक्के जागा हमालांच्या, गाडीवाल्यांच्या मुलांस देण्याची तयारी असेल, तर शाळा खुशाल काढावी. केवळ श्रीमंतांच्या मुलांस वेगळे ठेवण्यासाठी काढावयाची असेल, तर आम्ही तिचा एक पैसाही देणार नाही.

आपल्या समाजातील थोरांनी कोणता मार्ग दाखविला? मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी ह्यांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे काढविली. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय उभे राहिले, तेही विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय म्हणून. मुले शिकावयास बाहेरच्या शाळा-कॉलेजांत जात, आणि राहणे, जेवणे, सामायिक, स्वाध्याय आपल्या छपराखाली होई. विद्या जगाकडून घ्यावी, संस्कार घरचे असावेत, ही वाटणी त्यांनी किती शहाणपणाने केली होती! आणि कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती एका जातीसाठी नव्हे. सर्व जातींची मुले त्यांनी साताऱ्यास एका वसतिगृहात, एका पंगतीस बसविली. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून त्या मुलांस जेवू घातले. दानाचा हा प्रकार आमच्या भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावा.

तर मग निर्णय काय? मूल पाहून शाळा ठरवावी; प्रतिष्ठा पाहून ठरवू नये. शाळेत स्वतः जाऊन, शक्य तर आईने व बापाने दोघांनी जाऊन, वर्ग चालू असता पाहावे. शिक्षक पुरेसे आहेत काय, मुलांस मारतात काय, ग्रंथालयातील पुस्तके मुलांच्या हाती पडतात की कपाटातच राहतात, प्रार्थना कोणती होते, डबा खाताना मुलास कोणी हिणवीत तर नाही ना, हे विचारावे. ह्यांत मिशनची शाळा उतरली तर निःशंकपणे घालावे; सरकारी शाळा उतरली तर लाज न बाळगता घालावे. आणि जे मुलास तेच मुलीस.

मंडळाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : प्रत्येक गावातील पाठशाळा रविवारी नियमाने चालावी आणि तीस चांगला, पगारी शिक्षक असावा. दुसरी : सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण सभासद पालक असतात, ते बहुधा आपलेच हमाल, मुनीम आणि गिऱ्हाईक असतात. त्यांच्या मागे आपण उभे राहावे, अर्ज लिहून द्यावेत, मागणी मांडण्यास बरोबर जावे, आणि पंख्यावर आपले नाव रंगविण्यापेक्षा शौचालयाचे कुलूप आधी काढवावे. तिसरी : ज्या सभासदाच्या घरी मुलीचे शिक्षण फीसाठी अडले असेल त्यास मंडळाच्या निधीतून, गाजावाजा न करता, मदत मिळावी, आणि ज्याच्या घरी ते फीसाठी नव्हे तर मनाच्या कोतेपणासाठी अडले असेल, त्याच्या घरी वडीलधाऱ्यांनी जाऊन दोन शब्द सांगावेत.

अनेकांत हा आपला सिद्धांत. एका वस्तूस अनेक बाजू असतात आणि प्रत्येक बाजूने तिचे काही खरे रूप दिसते, हे आपण प्रवचनात ऐकतो व मान डोलवितो. शाळेच्या प्रश्नास तो लावून पाहावा. फादरच्या शाळेत काही सत्य आहे, सरकारच्या शाळेत काही सत्य आहे, आणि आपल्या घरात असावयास पाहिजे ते सत्य तर दुसरे कोणीच देऊ शकत नाही. हमालाच्या त्या मुलीस आम्ही इंग्रजीची एक बाराखडी पाठविली आहे; बदल्यात आमच्या नातवाने दर रविवारी आमच्यापाशी बसून व्याजाचे दहा हिशेब तोंडी करावेत असे ठरले आहे. हिशेब लहान आहे; पण वही तरी उघडली.